चोवीस घरं, एक्केचाळीस नियम

सोमवार, ३ मार्च

आजपासून रोजनिशी. वही मेहुण्याच्या दुकानातली, रंगाच्या कंपनीने फुकट वाटलेली, गेल्या वर्षीची. तारखा बरोबर आहेत, वार चुकीचे. वार मी हाताने खोडून लिहीन. मोठ्या कामात अशा बारीकसारीक अडचणी यायच्याच.

संकल्प एकच. बसस्टँडच्या मागे वडिलांनी ठेवलेला माझा रिकामा प्लॉट आहे. तिथे तीन मजली इमारत उभी करायची. चोवीस घरं. सगळी भाड्याने, आणि भाडं साध्या पगारात परवडेल असं. आपल्या गावात काम आहे पण राहायला जागा नाही. दवाखान्यातल्या नर्सेस, बसचे ड्रायव्हर, शाळेतल्या नव्या बाई, सगळे रोज तासभर प्रवास करून येतात आणि उशीर झाला म्हणून बोलणी खातात. हे माझ्या लक्षात आलं. गावात दुसऱ्या कोणाच्या आलं नाही.

घरचंही एक कारण आहे, पण ते दुय्यम. मी, बायको आणि मुलगी असे तिघं मेहुण्याच्या, म्हणजे बायकोच्या मोठ्या भावाच्या, हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत राहतो. तात्पुरते. माझं झेरॉक्सचं दुकान बंद झालं तेव्हा आलो, त्याला या महिन्यात अकरा वर्षं होतील. खोली तशी मोठी आहे. मेहुणा जास्तीचा माल वर ठेवतो म्हणून भरल्यासारखी वाटते. आज मोजली. एकोणीस खोकी. त्यातली सहा खिडकीसमोर.

मुलगी दवाखान्यात नर्स आहे. काल ड्युटीवरून आली तर तिच्या कॉटवर वॉशबेसिनं. तिने उभ्यानेच सांगितलं की मेअखेरपर्यंत आपली स्वतःची जागा झाली तर ठीक, नाहीतर शहरातल्या हॉस्पिटलची नोकरी घेऊन ती तिकडे निघून जाईल.  बायकोचं मागणं एकच आणि तेही जुनं, ओट्यासमोर खिडकी हवी. सध्या ओटाच नाही. स्टुलावर शेगडी आहे आणि समोर ‘सांभाळून हाताळा’ असं लिहिलेलं खोकं.

दोघींना सांगितलं, मेअखेरपर्यंत जागा होणार. शब्द दिला म्हणजे दिला.

मंगळवार, ४ मार्च

इमारतीचं नाव ठरवण्यात दिवस गेला. शेवटी ‘ऐसपैस’. मुलगी खूप हसली. मुलीला आवडलं.

अर्ज आज करणार होतो. नावाशिवाय अर्ज कसा करणार?

संध्याकाळी मेहुण्याने खालून हाक मारली, दाजी, दोन इंची खिळे मोजून द्या म्हणून. मी दुकानात नोकरी करत नाही, फक्त लक्ष घालतो. हे त्याला एकदा सांगायला हवं. खिळे मोजून दिले.

रविवार, ९ मार्च

ग्राफ पेपरवर प्लॅन काढला. आर्किटेक्ट कशाला हवा? अकरा वर्षं हार्डवेअरच्या दुकानात लक्ष घालणाऱ्याला इमारत आतून-बाहेरून कळते. दर्शनी भाग देखणा झाला आहे. बाल्कन्या, कमानी, गच्चीवर झेंड्यासाठी खांब.

बायकोने प्लॅन बराच वेळ पाहिला आणि विचारलं की स्वयंपाकघर कुठलं. मी दाखवलं. तिने विचारलं की याला खिडकी कुठे आहे. मी समजावलं की कमानींमुळे स्वयंपाकघर मधे गेलंय, त्यामुळे चोवीसही घरांत खिडकी बसत नाही. ट्यूबलाइट आहे. ती बरं म्हणाली आणि भांडी घासायला गेली. आधी घासून ठेवलेलीच भांडी तिने परत घासली.

खिडकीचं पुढच्या प्लॅनमध्ये बघू.

बुधवार, १२ मार्च

आजचा दिवस सार्थकी लागला. भाडेकरूंसाठी नियम लिहिले. दहाच लिहिणार होतो, पण हात थांबेना. एक्केचाळीस झाले.

भाडेकरूला सुरुवातीलाच वेसण घातलेली बरी. बोट दिलं की मनगट धरतात. लोक चार दिवसांसाठी म्हणून येतात आणि वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतात. हे मी फार जवळून पाहिलं आहे.

काही नियम विशेष जमलेत. नियम ७: भिंतीला खिळा ठोकू नये. नियम १२: भेटायला येणारी माणसं, जवळचे नातेवाईक धरून, एका तासाच्या वर थांबणार नाहीत. नियम २६: मालकाचं काही सामान जागेत असल्यास भाडेकरूने कुरकुर करू नये. (मालकाला अडीअडचणीला सिमेंटच्या दोन गोण्या ठेवाव्या लागतात.) आणि सगळ्यांत भक्कम, नियम ३१: अकरा महिन्यांची मुदत संपेपर्यंत भाडेकरूला कोणत्याही कारणाने, विशेषतः कौटुंबिक कारणाने, जागा सोडता येणार नाही. ‘विशेषतः’ या शब्दावर मी स्वतःच खूष आहे.

बायकोने वाचून विचारलं की यात माणसं राहणार आहेत की कैदी. बायकांना व्यवहार कळत नाही असं लिहिलं होतं, पण मुलगी कधीकधी वही उघडते. खोडलं.

सोमवार, १७ मार्च, दुपारी

अखेर नगरपालिकेत गेलो. तिथल्या कारकूनबाई चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवतात आणि माणसाकडे चष्म्याशिवाय बघतात. त्यांनी सांगितलं की अर्ज तीन प्रतींत हवा, सोबत शंभर रहिवाशांच्या पाठिंब्याच्या सह्या, मग ५ मेपर्यंत लोकांच्या हरकती, मग १२ मेला जाहीर सुनावणी. एक माहितीपत्रक दिलं. ते नीट वाचा, विशेषतः कलम नऊ, असं दोनदा म्हणाल्या.

पत्रक चांगल्या जाड कागदाचं आहे. वहीत खूण म्हणून ठेवलं.

गुरुवार, २० मार्च

सह्यांना सुरुवात. शंभर म्हणजे काहीच नाही. आमच्या गावात सहीला कोणी नाही म्हणत नाही. आणि समोर धरलेला कागद वाचत बसणं म्हणजे आणणाऱ्यावर उघड अविश्वास. मागे एका नव्या पोस्टमनने कशावर तरी सही करण्याआधी कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला होता. त्याला पुढे वर्षभर कोणी चहा विचारला नाही.

न्हाव्याने फेसाच्या हाताने सही केली. बेकरीवाल्याने केली, त्याच्या बायकोने केली, पाव घ्यायला आलेल्या तिघांनी केली. कागद कसला आहे असं एकानेही विचारलं नाही. एवढा पाठिंबा असेल असं मलाही वाटलं नव्हतं.

एका दिवसात अडतीस. पहिली सही अर्थात माझी.

शनिवार, २९ मार्च

एकशे छत्तीस सह्या! आज हेडसरांकडे गेलो. हे शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर, गावात त्यांच्या शब्दाला मान आहे. त्यांचं घर माझ्या प्लॉटला लागून आहे, मागची भिंत एकच. मला जरा धाकधूक होती. तीन मजले उठले की त्यांच्या परसात ऊन येणार नाही, असं मुलगी म्हणाली होती.

पण मोठी माणसं मोठीच. सरांनी कागद हातात घेतला, चष्माही न लावता सही केली. मग म्हणाले की माझाही एक कागद आहे, नुकताच तयार केलाय, आणि त्यावर पहिली सही तुमचीच असावी अशी फार इच्छा आहे. पहिली! गावात एवढी माणसं असताना! वर ठळक अक्षरांत ‘आपल्या गावाच्या शांततेसाठी’ असं होतं. खाली बरंच बारीक टाइप केलेलं होतं. शांततेच्या बाजूने मी नेहमीच आहे. वाचत बसलो असतो तर त्यांचा अपमान झाला असता. झोकदार सही केली, खाली दोन टिंबं देऊन.

सरांनी सही वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली. किती जपणूक!

घरी येऊन मुलीला सांगितलं. तिने विचारलं की कागदावर काय लिहिलं होतं. मी म्हटलं, शांतता. ती माझ्याकडे बघत राहिली. दवाखान्यात बीपी मोजताना पेशंटकडे बघते तसं.

मंगळवार, ८ एप्रिल

अर्ज दिला. एकशे सदतीस सह्या, प्लॅन, नियमांची पुरवणी. कारकूनबाईंनी कलम नऊ वाचलं का विचारलं. हो म्हटलं. आज वाचायचंच आहे.

खोकी बावीस झाली. दरवाजा पूर्ण उघडत नाही, पण अंग आडवं केलं की जाता येतं. व्यायाम होतो.

मंगळवार, १५ एप्रिल

सर्दी. कलम नऊ उद्या.

शनिवार, १९ एप्रिल

सुनावणीसाठी इमारतीचं मॉडेल करायला घेतलं. रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे कापून तळमजला आणि पहिला मजला उभा केला, कमानींसकट. दुपारी मेहुण्याने नळाच्या तोट्या भरायला काहीतरी हवं म्हणून पहिला मजला खाली नेला.

पण एक चांगली गोष्ट घडली. मेहुण्याने पहिल्यांदाच प्रकल्पात रस दाखवला. विशेषतः नियम वाचायला मागितले. दुकानाच्या गल्ल्यावर बसून एक्केचाळीसच्या एक्केचाळीस वाचले आणि म्हणाला, दाजी, तुम्ही डोक्याने लिहिलंय, मला एक कॉपी ठेवू द्या. अकरा वर्षांत त्याने माझं कौतुक केलेलं आठवत नाही. मी दोन कॉप्या दिल्या.

रविवार, २७ एप्रिल

बायको हल्ली रोज संध्याकाळी बाहेर जाते. तासाभराने येते, चपला धुळीने भरलेल्या. आज विचारलं तर म्हणाली की घरं बघत होते. मी ताडलं. लोकांच्या घरी जाऊन प्रकल्पासाठी वातावरण तयार करते आहे. तोंडाने एक शब्द बोलायची नाही, पण कामाला चोख.

न्हाव्याकडे दाढीला गेलो होतो. तो म्हणत होता की गावात कुणीतरी भाडेकरूंचं काहीतरी मोठं आणतंय, परकी माणसं येणार, गाड्या लावायला जागा उरणार नाही, रात्री-अपरात्री ये-जा, आपल्या पोरीबाळींचं कसं व्हायचं. गावात सगळ्यांनी त्याविरुद्ध सह्या केल्यात म्हणे. मी म्हटलं, कोण हा माणूस? न्हावी वस्तरा थांबवून आरशात माझ्याकडे बघत राहिला.

दुसरा कोणी असाच प्रकल्प आणत असेल तर माझं नुकसान आहे. चौकशी करायला हवी.

सोमवार, ५ मे

हरकतींची मुदत संपली. पुढच्या दाराने कोणी माझ्याकडे हरकत घेऊन आलं नाही. मागच्या दाराचं सांगता येत नाही, ते खोक्यांमुळे बंद आहे.

बसस्टँडच्या भिंतीवर कोणीतरी रंगाने लिहिलंय, ‘भाडेकरू नकोत’. रंग आमच्याच दुकानातला दिसतो.

मुलीला शहरातून पत्र आलं. जून महिन्यात हजर व्हा म्हणून. तिने ते माझ्या उशीवर ठेवलं. मी उचलून खोक्यावर ठेवलं. संध्याकाळी ते परत उशीवर होतं.

रविवार, ११ मे

उद्या सुनावणी. भाषण पाठ केलं. दोघी बाहेर गेल्या आहेत, खोलीत मी आणि सव्वीस खोकी. भाषण म्हणायला उभा राहिलो तर हात पसरायला जागा नव्हती.  वाटलं की हे आता असंच राहणार, खोकी वाढत जाणार आणि मी कडेकडेने सरकत जाणार.

ही वही माझीच आहे तर खरं लिहितो. मुलगी शहरात गेली तर मला करमणार नाही. आणि बायको अकरा वर्षांत एकदाही भांडली नाही, याची मला हल्ली भीती वाटते.

दुपारी पोटभर झोपलो. बरं वाटलं. वरचं सगळं दमणुकीमुळे.

सोमवार, १२ मे, संध्याकाळी सात

सुनावणी झाली. जसं झालं तसं लिहितो.

हॉल तुडुंब. मेहुणा दुकान बंद करून आला होता, जे तो कोणासाठी करत नाही. मुलगी युनिफॉर्ममध्येच आली. नगराध्यक्षबाईंनी मला पाच मिनिटं दिली. मी अकरा मिनिटं बोललो. नर्सेस, ड्रायव्हर, शाळेतल्या बाई, सगळ्यांना परवडेल अशा घराबद्दल बोललो. चांगलं बोललो. हे खरंच चांगलं झालं होतं, मागच्या रांगेतल्या दोन नर्सेसचे डोळे भरून आले होते. मुलीने पहिल्यांदाच माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं.

मग कारकूनबाईंनी चष्मा चढवला आणि दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. पाठिंब्याच्या सह्या एकशे सदतीस. हरकतीच्या सह्या एकशे सदतीस. नावंही तीच. न्हावी, बेकरीवाला, बेकरीवाल्याची बायको, पाव घ्यायला आलेले तिघं. दुसऱ्या यादीवर वर ठळक अक्षरांत ‘आपल्या गावाच्या शांततेसाठी’. खाली बारीक अक्षरांत, बसस्टँडमागच्या प्लॉटवर भाड्याची इमारत होऊ नये अशी आमची मागणी.

कोणी हसलं नाही. गावात हे नेहमीचंच आहे, दोन्ही कागद चांगल्या माणसांनी आणले, दोन्हींवर सही करणं म्हणजे माणुसकी. अध्यक्षबाई म्हणाल्या की सह्या समान असल्या की आपण त्या सोडून देतो आणि अर्ज गुणदोषांवर बघतो. मला वाटलं, झालं. जिंकलो.

तेवढ्यात कारकूनबाई उभ्या राहिल्या आणि कलम नऊ वाचलं. अर्जदाराने स्वतःच हरकत घेतली असेल तर अर्ज मागे घेतला असं समजण्यात येईल आणि पाच वर्षं त्या जागेवर नवा अर्ज करता येणार नाही. मग त्यांनी दुसऱ्या यादीतली पहिली सही सगळ्यांना दिसेल अशी धरली. दोन टिंबांसकट.

सही माझीच का, असं विचारलं. नाही कसं म्हणणार, एवढी झोकदार सही गावात दुसऱ्या कोणाची आहे?

हेडसर उठले आणि म्हणाले की स्वतःच्या फायद्याचा प्रकल्प गावाच्या शांततेसाठी मागे घेणारा माणूस मी माझ्या आयुष्यात पाहिला नव्हता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही उठून नमस्कार केला. टाळ्या माझ्यासाठीच होत्या, याची नोंद असावी.

मुलगी निघून गेली होती. ड्युटी असेल.

मंगळवार, १३ मे

पाठ दुखते.

बुधवार, १४ मे

पाच वर्षं म्हणजे काही फार नाही. प्लॅनमध्ये खिडक्या घालायला वेळ मिळेल.

मंगळवार, २० मे

बायको जेवताना म्हणाली की जागा मिळाली. मी घास हातात धरून बसलो. हेडसरांच्या घराच्या मागच्या बाजूला एक खोली आणि स्वयंपाकघर. भाड्याने. मुलगी म्हणाली की दवाखाना तिथून पाच मिनिटांवर, तिने शहरात नाही म्हणून कळवलं. एक तारखेला जायचं.

मी म्हटलं, ज्या माणसाने भाडेकरू नकोत म्हणून गाव गोळा केलं, तो भाडेकरू ठेवतो? बायको म्हणाली की तेही त्यांना विचारलं. सर म्हणाले की ओळखीची माणसं म्हणजे भाडेकरू थोडेच. मग त्यांनी कागद पुढे केला. बायकोने तो त्यांच्या पायरीवर बसून अर्धा तास वाचला. सरांसमोर! ओळ न ओळ! सर दोनदा खाकरले, आत जाऊन पाणी पिऊन आले, तरी ही वाचतेच आहे. वाचून झाल्यावर दोन अटी खोडायला लावल्या आणि मग सही केली. मला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

मग तिने विचारलं की तुम्ही येणार ना. तिघांना दाटी होईल, पण होईल. खिडकी आहे म्हणाली.

मी विचार करून सांगतो म्हटलं. हरकत घेणाऱ्याच्या दारात अर्जदार राहायला गेला तर लोक काय म्हणतील? प्रकल्पाची लाज राखायला कोणीतरी इथे थांबायला हवं. चार-आठ दिवस थांबतो, मग बघू. तिने पुन्हा विचारलं नाही.

शनिवार, ३१ मे

मेहुणा वर आला. बहीण चालली म्हणून जरा हळवा झाला होता. म्हणाला, दाजी, तुम्ही इथेच राहा, बिनधास्त राहा, फक्त एक कागद करून टाकू. कागद पुढे केला, पेनही त्याचंच. घरचा माणूस. वाचतो कसला? सही केली, दोन टिंबं देऊन.

रविवार, १ जून

दोघी गेल्या. टेंपोची एकच फेरी झाली. अकरा वर्षांचा संसार एका फेरीत मावेल असं वाटलं नव्हतं. माझी कॉट, स्टूल आणि शेगडी तेवढी माझ्यासाठी ठेवली.

मुलगी खाली जाऊन परत वर आली. काही विसरलं का विचारलं तर म्हणाली नाही, आणि मला मिठी मारून गेली.

खोलीत खूप जागा झाली. हात पसरून पाहिले.

संध्याकाळी मेहुण्याने आणखी नऊ खोकी वर पाठवली.

बुधवार, ४ जून

बायकोचा आणि मुलीचा फोटो भिंतीवर लावावा म्हणून खाली दुकानात एक खिळा मागितला. दुकानात खिळ्यांचे चाळीस डबे आहेत. मेहुण्याने डबा उघडलाच नाही. म्हणाला, दाजी, नियम सात.

मी म्हटलं, कसला नियम सात? त्याने गल्ल्यातून कागद काढून दिला. आज वाचला. मी सदर खोलीचा भाडेकरू आहे. मुदत अकरा महिने. सोबत पुरवणी, एक्केचाळीस नियम. झेरॉक्स स्वच्छ आहे, मात्र सव्वीसावर त्याने लाल पेनने खूण केली आहे.

नियम २६ प्रमाणे खोक्यांबद्दल काही बोलत नाही.

कोणी काही म्हणो, भाषा रेखीव आहे.

रविवार, ८ जून, संध्याकाळी सव्वापाच

दोघी भेटायला आल्या होत्या. बरोबर चार वाजता. बायकोने डबा आणला. नियमांत डब्याबद्दल काहीच नाही, ही त्रुटी राहून गेली.

बसायला कॉटची कड तेवढी रिकामी, तिथे मी. त्या दोघी एका खोक्यावर बसल्या. मुलगी दवाखान्यातल्या गमती सांगत होती. तिची झोप होते आहे, चेहऱ्यावर दिसतं. मेअखेर जागा होईल असं मी तीन मार्चलाच सांगितलं होतं, ते तिला आठवण करून दिलं. ती हो बाबा म्हणाली.

बायकोला विचारलं की ओट्यासमोरच्या खिडकीतून काय दिसतं. म्हणाली, आपला प्लॉट. गवत वाढलंय, मुलं खेळतात, सकाळी कोवळं ऊन थेट ओट्यावर येतं. ‘ऐसपैस’ झाली असती तर तिथे तीन मजल्यांची भिंत आली असती. म्हणजे हिशेबाने बघितलं तर खिडकी मीच दिली. तसं बोललोही. बायको हसली. कित्येक दिवसांनी हसली. मलाच रडू यायला लागलं, म्हणून डब्याचं झाकण उघडझाप करत बसलो.

मग ती म्हणाली की चला आता, पुरे झालं. एक कॉट बसते, मोजून पाहिलं आहे. मी नियम ३१ दाखवला. कोणत्याही कारणाने, विशेषतः कौटुंबिक कारणाने. ती म्हणाली की दादा माझा भाऊ आहे, मी सांगते त्याला, कागद फाडून टाकू. मी म्हटलं, असं कसं, सही केली आहे. तिने विचारलं की हा असला नियम लिहिला तरी कोणी. मी म्हटलं, जो कोणी असेल, अनुभवी माणूस असणार.

ती काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात पाच वाजले आणि मेहुण्याने खालून पाइप वाजवला. नियम १२. दोघी उठल्या. दरवाजा अर्धाच उघडतो, बायकोला अंग आडवं करावं लागलं. तिथूनच तिने एकदा माझ्याकडे वळून पाहिलं आणि जिना उतरली.

खिडकीतून बघावं म्हटलं तर समोर आता नऊ खोकी आहेत. पावलं मात्र ऐकू आली, कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत.

अकरा महिन्यांचा तर प्रश्न आहे. तात्पुरतं.